हस्की पळतो, केस गाळतो, जेवत नाही: नाशिकच्या उन्हाळ्यातला एक प्रश्न आणि त्याचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये गावाच्या कडेला रो-हाऊस, समोर छोटं अंगण, पाच फुटी कंपाउंड. नऊ महिन्यांचा हस्की जातीचा कुत्रा, नर, वजन १९ किलो, नसबंदी झालेली नाही. मार्चपासून त्याचं खाणं निम्म्यावर आलं आहे. घरभर केस उडतात आणि ग्रूमर म्हणतो, ‘सरळ मशीन मारून टाका, गार वाटेल त्याला.’ डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या धरल्या आहेत. दोनदा पळून गेला, एकदा भिंतीवरून आणि एकदा कुरिअरवाल्यासाठी गेट उघडलं तेव्हा. काय करावं?

मशीन मारू नका. बाकी चुका निस्तरता येतात, ही निस्तरायला वर्ष जातं.

हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट, मऊ लोकर आणि वर लांब, राठ केस. तुमच्या घरभर उडतेय ती लोकर. वरचे राठ केस उन्हाची तिरीप कातडीपर्यंत पोचू देत नाहीत आणि पाणी झटकून टाकतात. मशीन दोन्ही थर एकाच उंचीवर कापते. मग लोकर आधी वाढते, राठ केस मागून रेंगाळत येतात, आणि काही कुत्र्यांच्या पाठीवर किंवा मांड्यांवर चकत्या तशाच राहतात. ‘वारा लागेल’ हा हिशेब माणसाचा आहे. आपल्याला घाम येतो आणि वाऱ्याने तो सुकतो, म्हणून गार वाटतं. कुत्र्याला पंजाच्या गादीपुरता घाम येतो, बाकी सगळं काम जीभ आणि धाप करते. शस्त्रक्रियेसाठी किंवा चिघळलेल्या जखमेभोवती व्हेट केस काढतात ती गोष्ट वेगळी. पंजांच्या बोटांमधले वाढलेले केस कापायलाही हरकत नाही, गुळगुळीत फरशीवर पाय घसरत नाहीत.

काढायची असते ती सुटलेली लोकर. ती आत अडकून राहिली की केसांत हवा खेळत नाही आणि कुत्रा खरंच तापतो. म्हणजे ग्रूमरला जे साधायचं आहे ते बरोबर आहे, हत्यार चुकलं आहे.

केस: हत्यारं तीन, पद्धत एक

लांब दात्यांचा अंडरकोट रेक, बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि एक स्टीलचा कंगवा, एवढं पुरतं. पात्यासारखी धार असलेली ‘डीशेडिंग’ हत्यारं ढीगभर केस काढतात म्हणून लोक खूश होतात, पण जोरात किंवा रोज फिरवली तर ती राठ केसही मधोमध कापतात. ती हस्कीवर न वापरलेलीच बरी.

कोरड्या केसांवरून वरवर ब्रश फिरवला तर वरचा थर चमकतो आणि आत नमदा तसाच राहतो. म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारा. मांडीच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करा. एका हाताने केस वर उचलून धरा, कातडी दिसेल अशी भांगासारखी रेघ पाडा आणि रेघेखालचे केस खालच्या दिशेने विंचरा. मग बोटभर वर सरका, पुन्हा रेघ पाडा. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत या. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तर तो भाग झाला. चार जागा हमखास सुटतात: कानांच्या मागे, मानेची झालर, मांड्यांच्या मागचा ‘पायजमा’ आणि शेपटीचं मूळ. गाठी तिथेच होतात. रेकवर दाब देऊ नका. एकाच जागी दहा-बारा वेळा ओढलं की कातडी लाल होते आणि पुढच्या वेळी ब्रश पाहताच कुत्रा पलंगाखाली जातो.

लोकर वर्षातून साधारण दोनदा एकदम सुटते, दोन ते चार आठवडे. तेव्हा रोज पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. एरवी आठवड्यातून दोनदा पुरे. मात्र हा मोसम दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर ठरतो. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत फार फरक पडत नाही, त्यात घरात एसी आणि रात्री उशिरापर्यंत दिवे. त्यामुळे बऱ्याच हस्कींचं घड्याळ विस्कटतं आणि केस बाराही महिने थोडे थोडे गळतात. त्याला औषध नाही. पण केस गळणं आणि टक्कल पडणं यांत फरक करायला शिका. लोकर सुटते तेव्हा खालची कातडी स्वच्छ, गुलाबी-पांढरी असते. कातडी उघडी पडली, काळवंडली, खाजू लागली किंवा वास येऊ लागला तर तो मोसम नव्हे, आजार आहे.

आंघोळ सहा ते आठ आठवड्यांतून एकदा. माणसाचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा सामू (पीएच) वेगळा असतो. आंघोळीआधी विंचरणं सक्तीचं, कारण गाठ भिजली की आणखी आवळते. शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून घ्या. घट्ट शाम्पू थेट ओतला तर लोकरीतून निघत नाही, आणि उरलेल्या शाम्पूनेच पुढे खाज सुटते. खळखळून धुवायला शाम्पू लावायच्या दुप्पट वेळ लागतो.

खरी चूक वाळवताना होते. टॉवेलने पुसून उन्हात सोडलेला हस्की वरून तासाभरात कोरडा लागतो, आत लोकर दुसऱ्या दिवशीपर्यंत ओली असते. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत याचीच शिक्षा म्हणून हॉट स्पॉट उठतात. रात्रीत रुपयाएवढा ओला, लाल, दुखरा चट्टा पडतो आणि चाटून चाटून सकाळपर्यंत तळहाताएवढा होतो. केसांचा ड्रायर नको, त्याची उष्णता एकाच जागी लागते. ग्रूमर वापरतात तो गार हवेचा जोरदार ब्लोअर हवा. नळी कातडीपासून वीतभर लांब धरा, तोंडावर आणि कानांत मारू नका. आवाजाची सवय आधी चार दिवस, शेजारच्या खोलीत ब्लोअर चालू ठेवून आणि खाऊ देऊन लावा. याच ब्लोअरने सुटलेली लोकर ढगासारखी बाहेर येते, तेव्हा काम अंगणात करा, तेही शेजाऱ्यांनी वाळत घातलेले कपडे आत गेल्यावर. सगळं मिळून दीड-दोन तास धरा. ब्लोअर घ्यायचा नसेल तर पावसाळ्यापुरती आंघोळ ग्रूमरकडे, ‘मशीन नको’ असं आधी बजावून.

नखांच्या बाबतीत हस्की फार नाटकी असतो. नख कापायच्या आधीच किंचाळतो. त्या आवाजाने घाबरून लोक नखं वाढू देतात, मग पंजा फाकतो आणि चाल बिघडते. एका दिवशी एकच पंजा घ्या, टोकाचा दीड-दोन मिलिमीटर भाग कापा आणि काळ्या नखाच्या कापलेल्या तोंडावर मध्ये ओलसर ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर रक्त थांबवायची पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लॉर दाबून दोन-तीन मिनिटं धरा.

त्या खपल्या

तुम्ही हे जाता जाता लिहिलंय, पण नऊ महिन्यांच्या हस्कीच्या डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या म्हटलं की पहिला संशय जस्ताचा, म्हणजे झिंकचा. हस्की आणि अलास्कन मालम्यूट या जातींतल्या काही कुत्र्यांना आतड्यातून जस्त नीट शोषता येत नाही. हा दोष जन्मजात असतो आणि पहिल्या एक-दोन वर्षांत दिसायला लागतो. डोळे, तोंड, कान, कोपरं आणि पंजांच्या गाद्यांवर जाड, चिकटलेल्या खपल्या येतात, खाज कधी असते, कधी नसते.

आपल्याकडच्या दोन सवयी यात तेल ओततात. एक, पोळी, डाळ, कोंडा यांवर पोट भरणं. धान्य-कडधान्यातलं फायटेट हे द्रव्य जस्ताला धरून ठेवतं. दुसरी, कॅल्शियमचं सिरप. पिल्लू विकणारा हमखास सांगतो, ‘हाडं मजबूत होतील.’ पॅकेटमधला चांगला पपी फूड चालू असेल तर कॅल्शियम वरून देण्याची काहीच गरज नसते. जादा कॅल्शियम जस्ताचं शोषण अडवतं आणि वाढत्या हाडांचंही नुकसान करतं. ते आजच बंद करा.

जस्ताची गोळी मात्र स्वतःहून सुरू करू नका. अशाच खपल्या डेमोडेक्सच्या किड्याने, बुरशीने किंवा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या काही आजारांतही येतात. व्हेटकडून कातडी खरवडून तपासणी आणि बुरशीची चाचणी करून घ्या, शंका उरली तर बायोप्सी. निदान पक्कं झालं तर नेहमीचा डोस दर किलोला रोज २ ते ३ मिलिग्रॅम शुद्ध जस्त असतो, म्हणजे १९ किलोला ३८ ते ५७. इथे एक गफलत नेहमी होते. २२० मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेटच्या गोळीत शुद्ध जस्त ५० मिलिग्रॅमच असतं. वेष्टनावरचा मोठा आकडा पाहून पाव गोळी दिली तर गुण येत नाही, आणि ‘शुद्ध ५०’ लिहिलेल्या गोळ्या चार दिल्या तर विषबाधा होते. गोळी जेवणासोबत द्या, उपाशीपोटी उलटी ठरलेली. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेक कुत्र्यांना ही गोळी जन्मभर घ्यावी लागते.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून: निळा डोळा किंवा एक निळा-एक तपकिरी हा दोष नाही. पण या जातीत तरुणपणी मोतीबिंदू, बुबुळावर पांढुरका थर आणि काचबिंदू घराण्यात चालत येतात. वर्षातून एकदा डोळे दाखवा. डोळा लाल होऊन दुखत असेल, कुत्रा तो मिचकावत असेल तर त्याच दिवशी न्या. आणि लाल डोळ्यांसोबत नाक-ओठांचा काळा रंग फिका पडू लागला तर आठवडाभर वाट पाहू नका. ती डोळे आणि कातडी दोन्हींवर हल्ला करणारी व्याधी असू शकते, त्यात दृष्टी फार लवकर जाते.

खाणं कमी झालंय, पण किती?

हस्की मुळात कमी खाणारा. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी थोड्या अन्नावर लांब पल्ला मारणारी ही जात घडवली. वजनाच्या मानाने लॅब्राडॉर जेवढं खातो तेवढं हा खाणार नाही, आणि उन्हाळ्यात आणखी कमी. पूर्ण वाढलेल्या २० किलोच्या, घरात राहणाऱ्या हस्कीला दिवसाला ९०० ते १०५० कॅलरी पुरतात, म्हणजे बहुतेक कोरड्या खाद्यांचे साधारण २५० ते २८० ग्रॅम. तुमचा वाढीला असल्याने त्याला यापेक्षा थोडं जास्त लागेल. वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने मोजा. ‘निम्मं’ हे आधी किती देत होतात त्यावर अवलंबून आहे, अनेक घरांत आधीचंच दुप्पट असतं.

दुपारचं ताट बंद करा. पहाटे फिरून आल्यावर अर्ध्या तासाने एकदा आणि रात्री फिरून आल्यावर एकदा. वीस मिनिटांनी ताट उचला. मागे मागे फिरून चिकन-भात भरवलात तर हा प्राणी आठवड्यात शिकतो की उपोषण केलं की मेनू बदलतो. दर रविवारी वजन करा. वजन टिकून आहे, लघवी-शी ठीक आहे, रात्री अंगात वारं भरल्यासारखा घर डोक्यावर घेतोय, तर काळजी नको.

पण चोवीस तास काहीच खाल्लं नाही आणि सोबत मलूलपणा, ताप किंवा फिक्या हिरड्या असतील तर तो उन्हाळा नव्हे. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय गोचीडतापाचा.

दाट लोकरीत गोचीड दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो. कानाच्या आत आणि पाळीच्या घडीत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. ‘आम्ही गवतात नेत नाही’ याचा उपयोग नाही. आपल्याकडचा तपकिरी गोचीड भिंतींच्या फटीत, गेटच्या खांबामागे, कुत्र्याच्या गादीखाली राहतो आणि तिथेच हजारोंनी अंडी घालतो. म्हणून तोंडाने द्यायची महिन्याची किंवा बारा आठवड्यांची गोळी वजन पाहून, बाराही महिने, एकही पाळी न चुकवता. आधी कधी झटका आला असेल तर व्हेटला आवर्जून सांगा, या गोळ्यांना तिथे मर्यादा आहे. सोबत भिंतींच्या फटी सिमेंटने बुजवा, फवारणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त काळ टिकतो.

ताप, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, चहासारखी गडद लघवी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आणि हिमोग्लोबिन घसरलेलं असेल तर स्लाइडवर जंतू दिसला नाही म्हणून ‘निगेटिव्ह’ समजून घरी येऊ नका. स्लाइड पुष्कळदा हुकते, अँटिबॉडी किंवा पीसीआर चाचणी विचारा. एहर्लिकिया या गोचीडतापाच्या जंतूला डॉक्सीसायक्लिन हे औषध साधारण २८ दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी कुत्रा नाचायला लागतो आणि लोक गोळी सोडतात, मग दोन महिन्यांनी तोच आजार जास्त घट्ट होऊन परततो. बॅबेसिया या गोचीडतापाच्या दुसऱ्या जंतूचं औषध निराळं असतं, म्हणून शेजारच्यांच्या कुत्र्याची उरलेली पट्टी वापरू नका.

ऊन

नाशिकचा उन्हाळा कोरडा, हे त्यातल्या त्यात नशीब. धाप टाकल्यावर जिभेवरचं पाणी उडतं म्हणून कुत्रा गार होतो, आणि कोरड्या हवेत ते उडतं. मुंबईत किंवा कोकणात तापमान सहा अंशांनी कमी असूनही हस्कीचे हाल जास्त होतात ते यामुळेच. कुलर नाशिक-नागपूरला काम देतो, दादरच्या फ्लॅटमध्ये तोच कुलर नुसती वाफ करतो. पाण्याने भिजवायची कूलिंग जॅकेटंही तशीच.

स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी, चालवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज १५० च्या पुढे गेली तर कुत्र्याला पळवायचं नाही. मुंबईत मे महिन्याच्या पहाटे २७ अंश, म्हणजे ८१ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५ असेल तर बेरीज १६६ होते. उजाडायच्या आधीच दिवस संपला. नाशिकला पहाटे २३ अंश आणि ६० टक्के असेल तर १३३, चालायला हरकत नाही. पण हा ठोकताळा कोरड्या भट्टीत फसवतो. दुपारी ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता, बेरीज ११९, म्हणून बाहेर काढलं तर अनर्थ होईल. २५ अंशांच्या वर, बेरीज काहीही असो, पळवणं बंद, फक्त हळू चालणं.

एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत, आणि डांबर सूर्य मावळल्यावर दोन तास तापलेलंच असतं. दिवसा शहाबादी किंवा कोटा फरशीची, पश्चिमेचं ऊन न येणारी खोली. एसी असेल तर २४ वर पुरतो. घरचा इन्व्हर्टर बहुधा एसी ओढत नाही, तेव्हा लाइट गेल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा: फरशीवर पाणी, पंखा आणि बर्फाचा मोठा ठोकळा टबात.

उष्माघात ओळखायचा तो धापेच्या आवाजावरून. धाप घोगरी होते, जीभ रुंद होऊन विटकरी दिसते, लाळ दोरीसारखी लोंबते, पाय लटपटतात. गुदद्वारातून मोजलेलं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ असतं. ४० च्या वर गेलं की आधी गार करा, मग गाडीत घाला. नळी लावून सगळ्या अंगावर पाणी, आणि ते बोटांनी लोकर फाकवून कातडीपर्यंत पोचवा, नाहीतर वरचे राठ केस ते ओघळून टाकतात. सोबत पंखा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, दोन मिनिटांत तो गरम होऊन घोंगडीचं काम करतो. ३९.५ ला आलं की थांबा, पुढे ते आपोआप उतरतं. तोंडात पाणी ओतू नका, स्वतः पीत असेल तर पिऊ द्या. माणसाची तापाची गोळी अजिबात नको, इथे तिचा उपयोग नाही आणि इजा मात्र होते. उठून चालायला लागला तरी व्हेटकडे न्याच. आतड्याचं, मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं.

भिंत, गेट आणि पट्टा

आता पळण्याकडे. इथे सगळ्यात जास्त मेहनत लागणार आहे, कारण हा दोष नाही, हे त्याचं काम आहे. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर वीस स्लेजचालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत कापून औषध पोचवलं. त्या कुत्र्यांचा हा वंशज तुमच्या वीस बाय पंधराच्या अंगणात आहे. तो तुमच्यावर रागावून पळत नाही. त्याला पुढे जायचं असतं, आणि पळायला लागल्यावर कान बंद होतात. ‘माझा हाक मारली की येतो’ हे मांजर दिसेपर्यंत खरं असतं. म्हणून पहिला नियम: मोकळ्या जागी पट्टा कधीच सोडायचा नाही, कितीही शिकवलेला असला तरी.

नाशिकमध्ये याला आणखी तीन कारणं आहेत. गावाबाहेरच्या मळ्यांत बिबट्याचा वावर आहे, आणि अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणजे रात्री अंगणात मोकळा सोडणंही बंद. दुसरं, द्राक्षबागा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, किती खाल्ल्यावर याचा भरवसा नसतो. तिसरं, त्याच बागांवरची औषधफवारणी.

पाच फुटी भिंत हस्कीला अडथळा नाही. तो उडी मारत नाही, पुढचे पंजे कठड्याला अडकवून मागच्या पायांनी भिंत चढतो. आधी भिंतीला लागून असलेल्या पायऱ्या हटवा: पाण्याची टाकी, कुंड्यांची मांडणी, स्कूटर, एसीचं बाहेरचं युनिट. तुळशी वृंदावन हटवता येणार नसेल तर त्या टप्प्यात जाळी जास्त उंच घ्या. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून भिंतीवर लोखंडी अँगल बसवून घ्या, दोन फूट लांब, आतल्या बाजूला ४५ अंशांत वाकलेले, आणि त्यावर वेल्डमेश जाळी. वर चढलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर छप्पर आलं की त्याला पुढे जाता येत नाही. बाहेरच्या बाजूला वाकवले तर त्याला शिडी मिळते, ही चूक सर्रास होते, कारण कारागिराच्या डोक्यात चोर असतो. आधीच सांगा की आतून बाहेर जाणाऱ्याला अडवायचं आहे. भिंतीवर काचा लावायचा विचार करू नका, पंजाची शीर कापली जाते आणि तो तरीही पलीकडे जातो.

वरची वाट बंद झाली की तो खाली खणतो. अंगणात जिथे माती आहे तिथे भिंतीच्या बुडाशी दोन फूट रुंद जाळी आडवी अंथरा, एक कड भिंतीला पक्की करा, वर दोन-तीन इंच मुरूम टाका. कुत्रा भिंतीला लागूनच उकरतो, मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. गेटखालची फट तीन इंचांपेक्षा जास्त नको. गेटच्या सळ्या आडव्या असतील तर त्यांवर आतून पत्रा मारा, त्या शिडीच आहेत. साधी उचलायची कडी तो महिन्याभरात नाकाने उघडायला शिकतो, तिथे कुलूप किंवा स्प्रिंगची कडी हवी.

साखळीने अंगणात बांधून ठेवणं हा उपाय नाही. भिंतीवरून पलीकडे उडी मारतो, साखळी अलीकडे अडकते आणि गळफास बसतो. ऑनलाइन मिळणारं विजेचा सौम्य धक्का देणारं ‘अदृश्य कुंपण’ही नको. मांजराच्या मागे असताना तो धक्का सोसून बाहेर जातो, आणि परत येताना मात्र धक्क्याच्या भीतीने आत येत नाही. गच्चीचा तीन फुटी कठडाही विसरू नका. कबुतरामागे झेपावताना पलीकडे काय आहे ते हा पाहत नाही.

कुरिअरवाल्याचा प्रसंग भिंतीने सुटणार नाही, त्याला दोन दारं लागतात. गेटच्या आत चार-पाच फुटांवर छाती-डोक्याएवढ्या उंचीचं दुसरं, आपोआप बंद होणारं फाटक करा. नियम एकच: एक बंद असल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दूधवाला, घंटागाडी, सिलिंडरवाला आणि घरातली मुलं, सगळ्यांना हा नियम हवा, आणि त्यासाठी गेटवर पाटी. जागा नसेल तर घराच्या मुख्य दाराला सेफ्टी डोअर आणि दाराशी भिंतीतल्या हुकाला अडकवलेला पट्टा: बेल वाजली की आधी पट्टा, मग दार. दाराशी ‘थांब’ शिकवाच. दार बोटभर उघडा, तो पुढे सरकला की बंद करा, स्थिर राहिला की खाऊ. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं. पण भरवसा फाटकावर ठेवा, शिकवणीवर नको.

हार्नेसमधून हस्की मागे सरकून मान खाली घालतो आणि मोजा काढावा तसा बाहेर येतो. छातीवर इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा आणि बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच सैल, आणि मोजताना केस दाबून मोजा. लोकर सुटल्यावर तोच हार्नेस एक-दोन छिद्रं सैल होतो, मे महिन्यात निसटणारे बरेचसे असे निसटतात. सोबत ओढल्यावर मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल गळपट्टा, आणि दोन्ही एकाच लीशला जोडणारी छोटी दोरी. लीश साधी, सहा फुटी. गुंडाळणारी लीश हातातून सुटली की तिचा डबा खडखडत मागे येतो आणि कुत्रा त्याच्याच भीतीने आणखी पळतो.

त्याला दमवलंत तर भिंतीवरचा ताण निम्मा होतो. दोन वेळचं मिळून दीड तास चालणं, आणि उन्हाळ्यात दुपारी डोक्याचं काम: कोरडं खाद्य जुन्या चादरीच्या घड्यांत लपवून शोधायला लावणं, ताक-चिकनचा गोठवलेला ठोकळा चाटायला देणं. सायकलला जोडून पळवणं दीड वर्षांपर्यंत नको, हाडांची टोकं अजून जुळलेली नाहीत. नसबंदीने मादीच्या वासावर भटकणं कमी होतं, धावण्याची हौस कमी होत नाही. वेळ व्हेटशी बोलून ठरवा, आणि झाल्यावर खाणं साधारण पाचव्या भागाने कमी करा.

मायक्रोचिप बसवा, पण ती जीपीएस नव्हे. कुणीतरी पकडून स्कॅन केलं तरच पंधरा आकडी नंबर दिसतो, आणि तो तुमच्या चालू मोबाईलशी नोंदलेला नसेल तर उपयोग शून्य. म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पट्टी हवीच. रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र आणि महापालिकेचा परवाना फोनमध्ये ठेवा, पळालेल्या कुत्र्याला सोडवताना तेच आधी मागतात.

आणि तिसऱ्यांदा सुटलाच, तर मागे धावू नका. त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो आणि त्यात तुम्ही हरणार. नाव घेऊन उलट्या दिशेला पळा, किंवा रस्त्याच्या कडेला खाली बसून खाऊच्या पिशवीचा आवाज करा. गाडीची आवड असेल तर दार उघडून इंजिन चालू करा, पुष्कळ हस्की चोरपावलांनी येऊन मागच्या सीटवर बसतात. हाती लागला की ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी हातभर अंतरावर थांबून तुमच्याकडे बघत राहील. घरी आल्यावर पंजे आणि बेचक्या धुवा, गोचीड शोधा, हिरड्यांचा रंग बघा. द्राक्षं खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी उलटी होते का याची वाट न पाहता दोन तासांच्या आत व्हेट गाठा, त्या वेळेत पोट रिकामं करता येतं.